बाबा गिरणीतून ‘सेवानिवृत्त’ झाले नव्हते, मग पुस्तिकेत काय छापायचं?

एका ताईंचं मोठं पत्र आलंय, नाव देत नाही, थोडक्यात सांगते.

ताई पन्नाशी पार केलेल्या, डोंबिवलीला राहतात. त्यांचे वडील गेल्या कार्तिकात गेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. मूळ संगमेश्वर तालुक्यातले, विशीत मुंबईला आले, गाववाल्यांच्या खोलीत राहिले, लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात (विणकामाच्या खात्यात) आधी बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, आणि मग परमनंट लागले. १९८२ च्या संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. मग दोन-तीन वर्षं मिळेल ते काम केलं, त्याच काळात दारू लागली, ती पुढे सुटली, आणि नंतर ठाण्याला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी, जवळजवळ सत्तरीपर्यंत. आई काळाचौकीच्या खोलीत खानावळ चालवायची. संपात मेंबर, म्हणजे तिथे जेवणारे कामगार, गावाला निघून गेले, खानावळ बंद पडली, आईने दोन घरची धुणीभांडी धरली. ताई तेव्हा नववीत. दादा दहावीला होता म्हणून त्याला मुंबईत ठेवलं आणि ताईंना आजीकडे गावाला पाठवलं, दोन वर्षांसाठी.

आता महिन्यावर वर्षश्राद्ध आलंय. पुण्याला असलेल्या दादाने सोळा पानी स्मृतिपुस्तिका करायला घेतलीय. मसुद्यात संप नाही, वॉचमनकी नाही, दारू तर नाहीच. ‘गिरणीतून सेवानिवृत्त झाल्यावर उर्वरित आयुष्य अध्यात्मात व्यतीत केले’ असं एक वाक्य आहे. आई म्हणते, झालं गेलं कशाला उकरायचं, सुनेच्या माहेरची माणसं येणार आहेत. ताई विचारतात की हे खोटं छापू द्यायचं का, नातवंडांना काय सांगायचं, आणि शेवटी हळूच एक वाक्य लिहितात, ‘मला स्वतःलाच कळत नाहीये की मला बाबांबद्दल काय वाटतं. नातवंडांना जसे आजोबा मिळाले तसे बाबा आम्हाला मिळालेच नाहीत. आमच्याशी ते कधी बोललेच नाहीत.’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा त्या शेवटच्या वाक्यापाशीच थांबले, कारण पुस्तिकेचा प्रश्न वरवर दादाशी भांडणाचा दिसतो पण खरं तर तुम्हाला बाबा कोण होते हेच अजून शोधायचंय, आणि त्याआधी कोणीतरी सोळा पानात त्यांना बंद करून टाकतंय याचा तुम्हाला त्रास होतोय. बरोबर ना? म्हणून मी आधी बाबांबद्दल बोलते, दादाकडे नंतर येते.

तुम्ही लिहिलंय की ते बोलायचे नाहीत, हाक मारली तरी लक्ष द्यायचे नाहीत, आणि बोलले की ओरडूनच बोलायचे, टीव्ही एवढा मोठा लावायचे की शेजारी तक्रार करायचे. आणि दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की ते साचा खात्यात होते, म्हणजे लूमवर. आता या दोन गोष्टी जरा शेजारी ठेवून बघा. जुन्या धोट्याच्या (शटलच्या) मागांचं खातं म्हणजे शेकडो साचे एका छपराखाली, प्रत्येक साच्याचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटणार, आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात, आणि हे रोज आठ तास, वर्षानुवर्षं, कानात बोळा असलाच तर कापसाचा. तिथे बोलून काही ऐकूच यायचं नाही, साचेवाले एकमेकांशी हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायचे. अशा आवाजात कान जातात ते एकदम जात नाहीत, आधी बारीक उंच आवाज ऐकू येईनासे होतात. आणि घरातले बारीक उंच आवाज कोणाचे असतात? बायकांचे आणि लहान मुलांचे.

मी डॉक्टर नाही, आणि बाबांचे कान कधी तपासले होते का हेही तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हेच कारण होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण आईला विचारून बघा. ते तुमच्याकडे बघत असताना बोललं तर कळायचं आणि पाठ असताना बोललं तर कळायचं नाही, असं होतं का? नातवंडांशी बोलताना ते मुलांना मांडीवर समोर घेऊन बसायचे का, म्हणजे चेहरा दिसेल असे? तसं असेल तर चाळीस वर्षं तुम्ही जे ‘लक्ष देत नाहीत’ म्हणून मनात धरून ठेवलंय त्यातला थोडा भाग तरी गिरणीच्या खात्यावर जमा करावा लागेल. सगळा नाही. माणूस तुटक असू शकतो आणि बहिराही असू शकतो, एकाच वेळी.

आणि नातवंडांचं म्हणाल तर, नातवंडं आली तेव्हा बाबा कोण होते? रात्रपाळी नाही, मुकादम नाही, दुकानदाराची उधारी नाही, पोटाला किती तोंडं आहेत याचा हिशोब नाही. ज्या माणसाने तुम्हाला वाढवलं तो दमलेला आणि घाबरलेला माणूस होता, आणि ज्याने तुमच्या लेकीला आंब्याची फोड भरवली तो मोकळा झालेला माणूस होता. दोन्ही खरे. तुम्हाला मोकळा माणूस मिळाला नाही याचं वाईट वाटणं हे बाबांवर अन्याय करणं नाही, ते वाईट वाटू द्या. फक्त ‘आमच्यावर माया नव्हती’ असा निकाल एवढ्या लवकर लावू नका.

आता गावाला पाठवण्याचं. दादाला ठेवलं आणि मला पाठवलं हे तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय, म्हणजे ते अजून टोचतंय. मी याला पटकन मलमपट्टी करणार नाही. मुलगा-मुलगी हा भेद त्यात होताच, दादाची दहावी हे निम्मं कारण आणि दादा मुलगा हे उरलेलं निम्मं, असं माझं मत आहे, आणि हे तुम्ही पुस्तिकेत नाही लिहिलं तरी दादाला कधीतरी बोलून दाखवा. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाहीये असं मला वाटतं. त्या दोन वर्षांत गिरणगावातली कितीतरी घरं अशीच फुटली, बायका-पोरं गावाला गेली, पुरुष मुंबईत संप कधी मिटतोय याची वाट बघत राहिले. एरवी मुंबईहून गावाला मनीऑर्डर यायची, कोकणातली घरंच्या घरं मनीऑर्डरवर चालायची, आणि संपात ते उलटं झालं, गावाकडून तांदूळ, नाचणी, कुळीथ मुंबईला जायला लागले. हे गावाकडून कोणी पाहिलं? दादाने नाही. आईने नाही. बाबांनी पण नाही, ते या टोकाला होते. तुम्ही पाहिलंत. आजीने कोठीतले तांदूळ कसे पाखडून पोत्यात भरले, कोणाच्या हाती पाठवले, ती स्वतः त्या पावसाळ्यात काय खायची, हे आज जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. पुस्तिकेत या एका पानाचा हक्क तुमचा आहे, आणि ते पान दुसरं कोणी लिहूच शकत नाही.

तुम्ही लिहिलंय की आईच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्यांची एक गड्डी आहे, रबर लावून ठेवलेली, ‘पण त्यात काय असणार, नुसते आकडे’. ताई, ती गड्डी आधी बाहेर काढा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी जागा असायची मजकुरासाठी, पोस्टमन पैसे देताना तो तुकडा फाडून घरच्यांना द्यायचा. दोन-तीन ओळी मावतील एवढीच जागा. लग्न झाल्यावर आई गावाला होती त्या काळातले ते तुकडे असतील तर त्यावर बाबांचं अक्षर असणार, किंवा खोलीतल्या लिहिता येणाऱ्या कोणा गाववाल्याचं अक्षर आणि बाबांचे शब्द. कौल शाकारून घ्या, पोरीला खोकला असेल तर दवाखान्यात ने, पैसे पोचल्याचं कळव, असलं काहीतरी. ज्या माणसाबद्दल तुम्ही म्हणता की कधी बोलला नाही, तो दर महिन्याला तेवढ्या जागेत मावेल एवढं बोलत होता. एकेका तुकड्याचा उजेडात मोबाईलने फोटो काढा, मागची-पुढची दोन्ही बाजू, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख दिसेल असा, शाई उडायच्या आत. पुस्तिकेत असे दोन-तीन तुकडे जसेच्या तसे छापले तर ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ’ या ओळीची गरजच उरणार नाही.

दुसरं, म्हाडाच्या घरासाठी फॉर्म भरला होता असं तुम्ही ओघात लिहिलंय. ती फाईल कोणाकडे आहे? गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा लागायचा, म्हणून घराघरातून लोकांनी लाल पास, तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची स्लिप, पगाराची पावती असं सगळं शोधून काढलं होतं. घर लागलं की नाही ते बाजूला राहू दे, पण त्या निमित्ताने बाबांचं निम्मं चरित्र कोणीतरी आधीच फाईलला लावून ठेवलेलं आहे. खातं कुठलं, नंबर काय, बदलीचे परमनंट कधी झाले, शेवटचा पगार किती, सगळं त्यात मिळेल. 

आणि मग माणसं. बाबांच्या खोलीतले, त्यांच्या पाळीतले, भजनी मंडळातले किती जण आहेत अजून? जे आहेत ते आता ऐंशीच्या आसपासचे. छपाईवाल्याकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जा, याच आठवड्यात जा. आणि जाऊन ‘बाबांबद्दल दोन शब्द सांगा’ असं म्हणू नका, कारण मग ते पण ‘फार भला माणूस’ एवढंच सांगतील आणि चहा पिऊन तुम्ही परत याल. कामाचं विचारा. बाबांकडे दोन साचे होते की चार? साचेवाल्याला पगार विणलेल्या कापडावर मिळायचा, मग सूत खराब आलं की काय करायचे, मुकादमाशी कोण भांडायचं? सातच्या पाळीला खोलीतून किती वाजता निघायचे, नळावर नंबर कसा लावायचे, एका खोलीत पंधरा-वीस जण असताना झोपायचं कसं, तर पाळीप्रमाणे, एक उठला की त्याच्या जागी दुसरा. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवायचे, मग मे महिन्यात आत काय व्हायचं? धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचे ते त्यांनी केलंय का? हे विचारलंत की बघा, म्हातारा माणूस हाताने करून दाखवायला लागतो. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा, विचारून करा, आणि मधे बोलू नका.

धागा तोंडाने ओढण्याचं निघालंच आहे तर एक सांगते. याच कारणावरून, म्हणजे उष्टं नको म्हणून, दलित कामगारांना कितीतरी वर्षं साचा खात्यात घेतच नसत, जिथे पगार बरा होता तिथे, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. तुमच्या बाबांच्या आधीची गोष्ट आहे ही. पण नातवंडांना आजोबांचं खातं दाखवायचंच असेल तर त्या खात्याच्या दारातून कोणाला आत सोडलं जात नव्हतं हेही कळू द्या, पोरं मोठी आहेत, त्यांना झेपेल.

आता दादा आणि पुस्तिका.

तुम्ही दादावर चिडला आहात आणि पत्रात त्याला खोटारडा म्हणालात. मला वाटतं दादा खोटारडा नाही, दादाला लाज वाटतेय, आणि ती लाज त्याची स्वतःची नाही, ती त्याला त्या काळात मिळालेली आहे. दहावीचा मुलगा, घरात बाप बसून, आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जाते, वर्गातली मुलं विचारतात तुझे वडील कुठे कामाला आहेत. तुम्ही गावाला होतात, ताई. तुमच्या वाट्याला एकटेपण आलं, पण बाबांची ती पिऊन यायची वर्षं दादाने रोज समोर बघितली. त्याने ‘सेवानिवृत्त’ हा शब्द कुठून आणला असेल याचा विचार करा. तेव्हा पोरं असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची, तोच शब्द आज पन्नाशीनंतर त्याच्या हातून मसुद्यात उतरलाय.

म्हणून दादाशी भांडताना ‘हे खोटं आहे’ इथून सुरुवात करू नका. संपाची गोष्ट त्याच्यासमोर नीट मांडा, कारण माझा अनुभव असा की गिरणी कामगारांच्या मुलांनाच संपाची गोष्ट सगळ्यात कमी माहीत असते, घरात कोणी बोलायचंच नाही. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्याआधी १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला होता. अडीच लाखाच्या आसपास कामगार उतरले. मागण्या काय होत्या, तर पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि ज्या कायद्यामुळे एकाच युनियनला मान्यता होती आणि कामगारांना हवी ती युनियन निवडता येत नव्हती तो १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट रद्द करणं. म्हणून लोक कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. आणि हा संप मिटला असं कोणी कधी रीतसर जाहीर केलंच नाही. हळूहळू काही लोक परत गेले, काहींना घेतलं, काहींना घेतलं नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. तुमचे बाबा बदली म्हणून लागलेले, पुढे परमनंट झालेले, म्हणजे स्वतःचं भागलेलं असताना ते उतरले, आणि जे लोक अजून बदलीवर होते त्यांना कायम करा ही पण एक मागणी होती. ते मनापासून उतरले होते की सगळे उतरले म्हणून, हे मला माहीत नाही, त्यांच्या पाळीतल्या माणसांना विचारा. पण यातलं काहीही असलं तरी त्यात लपवण्यासारखं काय आहे? हरले, हो. अडीच लाख लोक हरले. हरलेल्या माणसाने मग ठाण्याला सत्तरीपर्यंत गेटवर उभं राहून रात्रपाळ्या केल्या आणि दोन पोरांची लग्नं केली. ‘उर्वरित आयुष्य अध्यात्मात व्यतीत केले’ हे वाक्य त्या सगळ्या रात्रपाळ्या पुसून टाकतं, म्हणून ते मला नको वाटतं. दादा त्यांना मोठं करायला गेला आणि त्यांनी केलेलं निम्मं काम खोडून बसला.

मी काय करीन सांगते. संप आणि वॉचमनकी छापा, साध्या शब्दांत, रडकं न करता. ‘साचा खातं, तिकीट नंबर अमुक, १९८२ च्या संपात सहभागी, त्यानंतर ठाण्याच्या एका गृहसंकुलात अमुक वर्षं सुरक्षारक्षक.’ एवढंच. कोणाच्या माहेरची माणसं आली तरी या वाक्यावर कोणाची मान खाली जाणार नाही. त्या माहेरच्या माणसांत पण कोणाचा तरी बाप किंवा काका गिरणीत असेल बघा.

दारूचं वेगळं आहे. ते छापू नका, असं माझं स्पष्ट मत. कारण ती गोष्ट एकट्या बाबांची नाही, ती सगळ्यात जास्त आईची आहे, तिने ती सोसलीय, आणि ती हयात आहे. तिने नको म्हटलं की नको. छापील कागद शंभर घरांत जातो आणि त्यावर काय बोलणं होईल ते आपल्या हातात राहत नाही. पण न छापणं म्हणजे नातवंडांना न सांगणं नव्हे. तुमची लेक सत्तावीसची, दादाचा मोठा मुलगा कमवायला लागलाय, त्यांना घरात बसून सांगा, तुम्ही आणि दादा दोघांनी मिळून, की आजोबा त्या दोन-तीन वर्षांत पीत होते, घरात काय काय झालं, आणि मग सोडली. कशी सोडली? तुम्ही पत्रात एका ओळीत ‘ती पुढे सुटली’ लिहून मोकळ्या झालात. दारू अशी आपोआप सुटत नाही. कोणी माळ घालायला लावली का, आईने काही अट घातली का, एखादा गाववाला रोज संध्याकाळी येऊन बसायचा का? हे शोधा. उद्या यातल्या कोणा पोरावर नोकरी जायची वेळ आली तर त्याला आजोबांच्या महामेरूपणाचा काही उपयोग नाही, पण आजोबा कोसळले होते आणि मग कसे उभे राहिले हे त्याच्या कामी येईल.

आणि आई. बाबांवरच्या सोळा पानात आईला किती जागा आहे? तुम्ही मसुदा पाठवलाय त्यात ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढं एक वाक्य आहे. गिरणगावात त्या काळी हजारो एकटे पुरुष राहायचे ते जेवायचे कुठे, तर अशाच खानावळवाल्या बायकांकडे, दोन्ही वेळचं, पाळीप्रमाणे डबा, महिन्याला हिशोब. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला. तुमच्या आईने किती मेंबर सांभाळले, पहाटे किती वाजता चूल पेटायची, संपात जे मेंबर उधारी ठेवून गावाला गेले त्यांचं काय झालं, कोणी नंतर येऊन पैसे दिले का? आई म्हणते उकरू नका, ते तिच्या धुणीभांड्यांच्या दिवसांसाठी म्हणते, खानावळीसाठी नाही म्हणणार बहुतेक. खानावळीचं विचारून बघा. विचारताना समोरासमोर बसू नका, ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बसून शेंगा सोला आणि विचारा. ती काय छापू देते ते छापा, बाकीचं फक्त ऐकून घ्या. धुणीभांडी छापायची नाहीत असं तिने ठरवलं तर तो तिचा निर्णय, त्यात तुमच्या खरेपणाला काही धक्का लागत नाही.

नातवंडांना काय सांगायचं असं विचारलंत. मी म्हणते आधी त्यांना विचारा. तुम्ही सहज लिहिलेली ती गोष्ट मला फार आवडली, की कुठल्याही दुकानात गेलं की आजोबा कापड अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळायचे, उलटं करून किनार बघायचे आणि दुकानदारासमोरच ‘धुतल्यावर आटणार’ म्हणायचे, पोरं लाजून बाजूला व्हायची. आणि तुमच्या लेकीला त्यांनी तुटलेला दोरा जोडायची गाठ शिकवली होती, अगदी बारीक, हाताला लागतसुद्धा नाही अशी. ताई, ही साचेवाल्याची गाठ आहे. ताण्यातला (उभा) धागा तुटला की साचा थांबवून पटकन अशी गाठ मारायची की कापडात दिसायला नको, दिवसातून कितीदा तरी. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, लालबाग-परळला जिथे भोंगे वाजायचे तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले, पण ती गाठ तुमच्या सत्तावीस वर्षांच्या लेकीच्या बोटात आहे. तिला सांगा, गाठ मारतानाचा व्हिडिओ काढ, हळूहळू, प्रत्येक पायरी दिसेल असा, आणि बाकीच्या भावंडांना शिकव. पुस्तिकेत तिला अर्धं पान द्या, तिच्या भाषेत लिहू दे, इंग्रजी शब्द आले तर येऊ देत.

जाता जाता इतरांसाठी, कारण अशी पत्रं बरीच येतात. वडील गिरणीत नसतील, एसटीत ड्रायव्हर असतील, माथाडी असतील, पालिकेत सफाईला असतील, दुसऱ्याच्या शेतात राबले असतील, तरी ‘स्वभाव कसा होता’ पेक्षा ‘दिवस कसा जायचा’ हे विचारा. ड्रायव्हरला कुठला रूट, मुक्कामी गाडीला झोपायचे कुठे. माथाडीला टोळी कुठली, पाठीवर काय घ्यायचे, १९६९ चा माथाडी कायदा येण्याआधीचं त्यांना आठवतं का. वडील गिरणीत ब्लो रूमला किंवा कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या-विंचरायच्या खात्यात, असतील तर खोकल्याचं विचारा, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त भरून यायची का, कापसाच्या धुळीचा आजार असाच असतो. आणि वडील हयात असतील तर हे सगळं आजच विचारा, श्राद्धाची वाट बघू नका. काम सांगताना माणूस मोकळा होतो, स्वतःबद्दल सांग म्हटलं की गप्प होतो, निदान त्या पिढीचा तरी.

आता वेळेचं गणित. महिना आहे, छपाईला आठ-दहा दिवस धरले तर तुमच्याकडे तीन आठवडे. दादाला फोनवर हे सगळं सांगू नका, फोनवर भांडण होईल. या रविवारी आईकडे बोलवा, मनीऑर्डरचे तुकडे आणि म्हाडाची फाईल समोर ठेवा आणि मसुद्याचा विषय काढायच्या आधी नुसतं ते दोघांनी मिळून वाचा. नंतर त्याला विचारा, दादा, मी गावाला होते तेव्हा इकडे काय झालं ते मला सांग, मला माहीतच नाही. तो सांगेल तेव्हा मधे तुमचं गाऱ्हाणं आणू नका, ते पुढच्या वेळी. तो सांगायला लागला तर ‘सेवानिवृत्त’ तो स्वतःच काढेल असं मला वाटतं. नाहीच काढलं तर ‘१९८२ पर्यंत गिरणीत’ एवढी तडजोड करा, निदान त्यात खोटं काही नाही, आणि तुमचं गावाकडचं पान मात्र सोडू नका, ते तुमच्या नावाने छापून घ्या.

वर्षश्राद्ध झालं की आईने खानावळीचं काय सांगितलं ते मला लिहून कळवा.